यशाच्या आधीची आई

मुलांपुढे आदर्श ठेवावा, असे आपण नेहमी म्हणतो. आदर्श म्हणून जी माणसे आपण त्यांना दाखवतो, ती बहुधा यशस्वी झालेली असतात. शिखरावर पोहोचलेल्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे असते. अर्ध्या चढणीवर धापा टाकणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. परंतु ज्या घरात मूल वाढते, त्या घरात त्याला रोज दिसते ती चढणच. आईवडिलांचे यश पुष्कळदा मूल मोठे झाल्यावर येते, कित्येकदा येतही नाही. मग फळाविना गेलेल्या त्या मधल्या वर्षांतून मूल काय शिकते? हंगेरीतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या काटालिन कारिको या शास्त्रज्ञ मातेची आणि त्यांची कन्या सुझान फ्रान्सिया हिची हकिकत या प्रश्नाचे मोलाचे उत्तर देते.

कारिको यांचे नाव जगाला कळले ते करोनाच्या साथीत. ज्या संशोधनावर त्या काळातील एमआरएनए लसी उभ्या राहिल्या, त्यासाठी त्यांना आणि त्यांचे सहकारी ड्र्यू वाइसमन यांना २०२३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कन्या सुझान हिने मात्र नौकानयनातील दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्या कितीतरी आधी, २००८ आणि २०१२ साली जिंकली होती. ज्या आईकडे पाहत ती घडली, त्या आईला तेव्हा जग ओळखतही नव्हते. ही हकिकत वाचताना हा कालक्रम ध्यानात ठेवावा, कारण तिचे सारे मर्म त्यात आहे.

हिशेबनीस आईची मुलगी

काटालिन यांचा जन्म १७ जानेवारी १९५५ रोजी हंगेरीतील सोलनोक येथे झाला. किशुयसालाश या लहान गावात त्या वाढल्या. घर बेताचे होते. नळाचे पाणी नव्हते, फ्रिज नव्हता, दूरचित्रवाणी संच नव्हता. आई हिशेबनीस होती. मुलीला झाडे, पक्षी, प्राणी यांचे विलक्षण कुतूहल होते. शाळेत असतानाच जीवशास्त्राच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने तिसरा क्रमांक मिळवला.

शालेय वयात हान्स सेली या हंगेरियन वंशाच्या शास्त्रज्ञाचे मनावरील ताणाविषयीचे पुस्तक काटालिन यांच्या वाचनात आले. जे आपल्या हाती नाही त्याचा शोक करत बसू नये, जे हाती आहे त्यावर सारी शक्ती लावावी, हा बोध त्यांनी त्यातून घेतला. पुढील आयुष्यात आपण याच बोधाच्या आधारे उभ्या राहिलो, असे त्या आजही सांगतात.

सेगेद विद्यापीठातून त्यांनी पदवी आणि १९८२ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी कन्या जन्मली. सेगेद येथील जीवशास्त्र संशोधन केंद्रात त्या काम करू लागल्या. परंतु १९८५ साली अनुदान संपले आणि नोकरी गेली. युरोपात अन्यत्र काम मिळाले नाही. शेवटी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून, टेम्पल विद्यापीठाकडून बोलावणे आले.

खेळण्याच्या पोटातील ठेव

त्या काळी हंगेरीत साम्यवादी राजवट होती. देश सोडणाऱ्याला अगदी मोजकेच परकीय चलन सोबत नेता येत असे. काटालिन आणि त्यांचे अभियंता पती बेला फ्रान्सिया यांनी आपली मोटार विकली आणि त्या पैशांतून काळ्या बाजारात ९०० ब्रिटिश पौंड मिळवले. ती रक्कम दोन वर्षांच्या मुलीच्या टेडी बेअरच्या पोटात शिवून ठेवण्यात आली. तिकिटे केवळ जाण्याची होती, परतीची नव्हती. अशा रीतीने घराचे सारे भांडवल एका अजाण मुलीच्या कुशीत बसून समुद्रापार गेले.

कमरेला थोडकी शिल्लक बांधून परमुलखात दुकान मांडणाऱ्या पूर्वजांच्या कथा व्यापारी घराण्यांना नव्या नाहीत. ९०० पौंडांत किती दिवस निघतील, हा हिशेब त्या दांपत्याने कसा केला असेल, हे अशा घरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परक्या देशात नातलग नव्हते, मागे उभी राहणारी पेढी नव्हती. भाषाही परकी होती. राहण्याचा परवाना आईच्या नोकरीवर अवलंबून होता. नोकरी गेली असती तर देशही सोडावा लागला असता.

तो प्रसंग लवकरच उद्भवला. १९८८ साली काटालिन यांना दुसऱ्या एका संस्थेकडून अधिक चांगल्या कामाचे निमंत्रण आले, तेव्हा त्यांच्या तत्कालीन वरिष्ठाने त्यांना अमेरिकेतून परत पाठवण्याच्या हालचाली केल्या. परतपाठवणी टळली, पण ते निमंत्रण हातचे गेले. मग त्यांनी वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथे एका वैद्यकीय विद्यापीठात वर्षभर काम केले. आठवडाभर तिकडे राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे, असा क्रम होता. मुलगी तेव्हा अवघी सहा वर्षांची होती. घर आणि मुलगी बेला यांनी सांभाळली. पत्नी नोकरीत पुढे जावी म्हणून पतीने घराकडे पाहावे, ही गोष्ट तेव्हा तिकडेही सर्रास नव्हती.

नकारांची वर्षे

१९८९ साली काटालिन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाल्या. त्यांचा विषय होता एमआरएनए. तो समजण्यासाठी पेढीचेच उदाहरण घेता येईल. पेढीची मूळ खातेवही तिजोरीत असते, ती कोणी बाहेर नेत नाही. कारखान्यात माल बनवायचा झाला की वहीतील आवश्यक तेवढ्या पानाची नक्कल करून ती कारागिराकडे पाठवतात. कारागीर त्याप्रमाणे माल बनवतो आणि काम संपले की नक्कल फाडून टाकतो. आपल्या पेशींत डीएनए ही ती मूळ वही आहे आणि एमआरएनए ही ती नक्कल. शरीराला हवी ती प्रथिने त्या नकलेबरहुकूम तयार होतात. अशी नक्कल प्रयोगशाळेत बनवून शरीरात पाठवली, तर औषध बाहेरून देण्याऐवजी ते शरीराकडूनच बनवून घेता येईल, अशी काटालिन यांची धारणा होती.

ही कल्पना तेव्हा फारशी कोणाला पटत नव्हती. एमआरएनए अतिशय नाजूक असते, क्षणात विरते. शिवाय बाहेरून आलेल्या एमआरएनएला शरीर शत्रू समजते आणि दाह सुरू होतो. त्यामुळे संशोधनाच्या अनुदानासाठी केलेले अर्ज एकामागून एक परत येत राहिले. अमेरिकेतील विद्यापीठांत संशोधकाची पत त्याने आणलेल्या अनुदानावरून ठरते. अनुदान न आणणारा संशोधक म्हणजे गल्ल्यात भर न घालणारा भागीदार, अशी तिथली रीत आहे.

१९९५ साली विद्यापीठाने त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या. एक तर निघून जावे, नाही तर खालच्या पदावर, कमी वेतनात राहावे. त्याच सुमारास त्यांना कर्करोग असावा अशी शंका डॉक्टरांना आली होती आणि शस्त्रक्रियेची तयारी चालू होती. बेला व्हिसाच्या अडचणीमुळे हंगेरीत अडकून पडले होते. घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी होती.

काटालिन यांनी खालचे पद पत्करले. आता दुसरा प्रयोग कोणता करावा, या विचारात त्या लवकरच गढून गेल्या. अपमान झाला होता हे त्यांनी नाकारले नाही. पण अपमान आपल्या हाती नव्हता, पुढचा प्रयोग हाती होता.

त्या निर्णयामागे एक घरगुती हिशेबही होता. विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना तेथील शिक्षणशुल्कात मोठी सवलत मिळत असे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठाचे शुल्क त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. मुलीला चांगले शिक्षण द्यायचे तर आईने तिथे टिकून राहणे आणि मुलीने स्वतःच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळवणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. हा हिशेब मुलीपासून लपवण्यात आला नाही. दुसरीकडे शिकणे परवडणार नाही, इथेच प्रवेश मिळवावा लागेल, असे तिला स्वच्छ सांगितले गेले. पुढे तिने तो मिळवला.

झेरॉक्स यंत्रापाशी झालेली भेट

१९९७ च्या सुमारास काटालिन यांचे विभागातील आधारस्तंभ असलेले हृदयरोगतज्ज्ञ एलियट बार्नेथन विद्यापीठ सोडून गेले. पुन्हा नोकरीवर गंडांतर आले. त्या वेळी डेव्हिड लँगर या तरुण मेंदूशल्यविशारदाने आपल्या विभागात त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांना बसायला जागा मिळवून दिली. लँगर शिकत असताना त्यांनी काटालिन यांचे काम जवळून पाहिले होते.

याच काळात ड्र्यू वाइसमन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाशी त्यांची भेट झाली. दोघेही शोधनिबंधांच्या प्रती काढण्यासाठी एकाच झेरॉक्स यंत्रापाशी येत. वाइसमन यांना एचआयव्हीवर लस शोधायची होती आणि काटालिन यांना एमआरएनए बनवता येत होते. दोघांनी एकत्र काम सुरू केले. दाह का होतो, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. एमआरएनए चार घटकांनी बनलेले असते. त्यातील युरिडीन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडीन हा किंचित वेगळा घटक बसवला की दाह टळतो, असे त्यांना आढळले. २००५ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्याला चोहीकडून विचारणा होईल, असे दोघांना वाटले होते. जवळजवळ कोणीच विचारले नाही. पुढे ज्या शोधासाठी नोबेल मिळाले, तो जगासमोर छापून आलेला असूनही पंधरा वर्षे सर्वसामान्यांच्या कानावर गेला नाही.

लेकीची वल्ही

सुझान पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकू लागली तेव्हा तिने कधी वल्हे हातात धरलेले नव्हते. सहा फूट दोन इंच उंचीची ही मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना नौकानयनाकडे वळली. इतर खेळाडू शाळेपासून सराव करत आलेल्या असतात. तिला सारे पहिल्यापासून शिकायचे होते.

हा खेळ मोठा विलक्षण आहे. आठ जणींच्या नौकेत वल्हवणाऱ्या आठही जणी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतात. पुढे पाहणारी एकटी सुकाणू सांभाळणारी असते. २००० मीटरचे अंतर सुमारे सहा मिनिटांत कापायचे असते. छाती फुटेल असे वाटते, हातपाय भरून येतात आणि किनारा किती दूर आहे हे वल्हवणारीला दिसत नाही. तिच्या हाती एवढेच असते की पुढचा हात नीट मारावा.

असा खेळ स्वीकारणाऱ्या मुलीला ती शिस्त नवी नव्हती. तिने लहानपणापासून आईला असेच पाहिले होते. आई पहाटे निघे, शनिवार-रविवारीही प्रयोगशाळेत जाई आणि रात्री उशिरा परत येई. बेला यांनी एकदा पत्नीच्या पगाराला कामाच्या तासांनी भागून पाहिले, तेव्हा तासाला सुमारे एक डॉलर पडत होता. पण तू कामाला जात नाहीस, मजा करायला जातेस, असेही तेच हसत म्हणत. हे बोलणे त्या घराचे मर्म सांगून जाते. मुलीने आईचे दीर्घ परिश्रम पाहिले, तसा त्या परिश्रमांतील आनंदही पाहिला. काम करणाऱ्या आईचा चेहरा त्रासलेला असता, तर कदाचित मुलीने कष्टांची धास्ती घेतली असती.

२००४ साली पदवी घेतल्यावर सुझानने राष्ट्रीय संघात जाण्याचा ध्यास घेतला. २००६ साली अमेरिकेच्या महिलांच्या आठजणींच्या संघाने विश्वविजेतेपद मिळवले, त्यात ती होती. २००८ साली बीजिंग येथे त्या संघाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. या प्रकारात अमेरिकेला १९८४ नंतर प्रथमच सुवर्ण मिळत होते. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिने दुसरे सुवर्णपदक मिळवले. त्या दिवसांत कोणी काटालिन यांची ओळख करून देई, ती सुझानची आई अशीच. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसऱ्या सुवर्णपदकानंतर वर्षभराने, २०१३ साली, काटालिन यांना विद्यापीठातील आपली प्रयोगशाळा सोडावी लागली. वय ५८ होते. त्या जर्मनीतील माइन्झ शहरात बायोएनटेक या कंपनीत गेल्या, तेव्हा विद्यापीठातील काही जण हसले, कारण त्या कंपनीला स्वतःचे संकेतस्थळसुद्धा नव्हते. पती अमेरिकेत आणि पत्नी जर्मनीत, असा संसार पुढे कित्येक वर्षे चालला. बाकी इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ८ नोव्हेंबर २०२० रोजी लशीच्या चाचणीचा निकाल कळला. लस अतिशय परिणामकारक ठरली होती. योगायोग असा की तो सुझानचा वाढदिवस होता. काटालिन यांनी चॉकलेट लावलेल्या शेंगदाण्यांचे एक पाकीट एकटीने संपवून तो आनंद साजरा केला. पुढे याच तंत्रावरील भारतीय लस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

रेडिओपाशी बसलेली आजी

या कथेत आणखी एक आई आहे. हंगेरीतील त्या हिशेबनीस वृद्धेने आपल्या मुलीवरचा विश्वास कधी ढळू दिला नाही. दर वर्षी ऑक्टोबरात नोबेल जाहीर होत असताना ती रेडिओ लावून बसे आणि यंदा तुझे नाव येईल, असे मुलीला सांगे. आपण साध्या प्राध्यापकही नाही, आपल्याला अनुदानसुद्धा मिळत नाही, असे सांगून मुलगी हसे. तू फार मेहनत करतेस, एवढेच आईचे उत्तर असे. २०१८ साली ती वारली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी नाव खरोखरच जाहीर झाले, तेव्हा ते ऐकायला ती नव्हती.

नोबेल मिळाल्यावर काटालिन यांनी तरुण स्त्री-शास्त्रज्ञांना उद्देशून जे सांगितले, ते प्रत्येक आईवडिलांनी मनात ठेवण्याजोगे आहे. संसार आणि काम यांतून एकाचीच निवड करण्याचे कारण नाही. मुलाला पावलोपावली हात देण्याचीही गरज नाही. मूल तुमच्याकडे पाहत असते आणि तुम्ही घालून दिलेल्या उदाहरणाप्रमाणे ते वागते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्यांनी आपल्याला त्रास दिला त्यांचेही त्यांनी आभार मानले आहेत, कारण त्यांच्यामुळे आपण अधिक कष्ट केले, असे त्या म्हणतात. पारितोषिकाच्या रकमेतून पाच लाख डॉलरहून अधिक देणगी त्यांनी आपल्या जुन्या सेगेद विद्यापीठाला दिली.

आपल्या घरांसाठी

आपल्याकडे आईच्या त्यागाचे फार कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु काटालिन यांनी मुलीसाठी स्वतःचे काम टाकले नाही. त्या आपल्या कामाशी एकनिष्ठ राहिल्या आणि ते कसे करतात, हे मुलीला आपोआप दिसत राहिले. हाही वारसाच आहे आणि तो टेडी बेअरच्या पोटात शिवावा लागत नाही.

व्यापारी घरांत एक जुनी समजूत आहे की मंदीची झळ मुलांना लागू देऊ नये. उधारी अडकली, माल पडून राहिला, भागीदार फिरला, तरी मुलांसमोर त्याचा उच्चार करायचा नाही. हेतू प्रेमाचाच असतो. पण परिणाम असा होतो की मुलगा किंवा मुलगी भरलेले दुकानच पाहते आणि पुढे स्वतःच्या वाट्याला पहिले कोरडे वर्ष आले की गोंधळून जाते. असे वर्ष आधी या घरात येऊन गेले आहे आणि आईवडील त्यातून शांतपणे, हिशेब चोख ठेवून बाहेर पडले आहेत, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

म्हणून धंद्यात ओढाताण असेल त्या दिवसांत मोठ्या झालेल्या मुलांना वहीजवळ बसवावे. कोणाचे देणे आहे, ते कसे फेडायचे ठरले आहे, उद्या सकाळी पहिले काम कोणते आहे, हे त्यांना कळू द्यावे. घाबरवण्यासाठी नव्हे, तर वडील रोजच्या वेळेला दुकान उघडतात आणि आई त्याच मनाने घर व काम सांभाळते, हे त्यांच्या डोळ्यांदेखत घडावे म्हणून. सुझानच्या आईला जगाने मानले ते मुलीच्या दुसऱ्या सुवर्णपदकानंतर आठ वर्षांनी. मुलीला जे शिकायचे होते ते ती त्याच्या कितीतरी आधी, आईच्या पडत्या काळातच शिकून गेली होती.